पायाखालचं मॅट

साईराज तिसऱ्यांदा गाडी घेऊन माझ्या शिरवळच्या गॅरेजवर आला. सायलेन्सर बदलून झाला होता, फिल्टर बदलून झाला होता, परवा पिकअप वाढवायचं यंत्रही बसवलं होतं. तक्रार मात्र तीच.

"मिस्त्री, आवाज लय भारी हाय, पण कितीबी दाबा, गाडी उसळतच न्हाई."

मला या कामाचाच कंटाळा आला होता. माझ्या हातून जोरात पळायला लागलेल्या दोन गाड्या यंदा चेपून क्रेननं परत आल्या. पहिल्या खेपेला याची आईही सोबत होती. "आवं मिस्त्री, लय पळंल आसं काय करू नगा," एवढंच बोलली होती.

तो समोर चहाला गेला. मी वाकून ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं. अ‍ॅक्सिलरेटरच्या बरोबर खाली, मॅटला आतून, जुन्या लुगड्याची जाडजूड घडी शिवलेली होती. गोधडीला घालतात तसे बारीक टाके.

"काय घावलं का?" त्यानं तिकडूनच विचारलं.

 

मी माझं हात पुसायचं फडकं दुमडून त्या घडीखाली सारलं, मॅट नीट अंथरलं आणि म्हणालो, "न्हाई रं. हिच्यात दमच एवढा हाय."