पलीकडचं पाणी

"धबधबा कुठे पळून जातोय? पुन्हा कधीतरी बघू," सायमन म्हणाला. "आत्ता निघालो तर उजेडात चोमाला पोचू."

लग्न काल झालं होतं. लिव्हिंगस्टनच्या पाहुणेघराच्या अंगणात दोन्ही घरची माणसं न्याहारीला बसली होती. मुटिंटाने मक्याच्या आंबूस चिब्वान्तुचा गार पेला त्याच्यापुढे ठेवला.

"भावजी, व्याही कित्वेहून एवढ्या लांब आलेत. मोसी-ओआ-तुन्याचा धबधबा न दाखवता परत पाठवलं तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"ताई आमच्या बाजूच्या!" व्याही मोठ्याने हसले. "आमच्याकडे काय, तांब्याच्या खाणी आणि मातीचे ढिगारे. निदान पाणी तरी बघू द्या."

नवी नवरी चिपेगो बापाच्या, सायमनच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "चला ना, बाबा. वाकडी वाट करून जायचं तरी कितीसं?"

सायमनही मग हसला. ते हसणं मुटिंटाला वीस वर्षांत एकदाही सहन झालं नव्हतं.

तिची धाकटी बहीण चोलवे नदीपलीकडे, झिम्बाब्वेतल्या ह्वांगेला नांदत होती. नवरा कोळशाच्या खाणीत. एका संध्याकाळी स्टोव्ह भडकला आणि चोलवे जळून गेली, असं त्याने सांगितलं. शेजारणीने पोलिसांना सांगितलं, की दाराला बाहेरून कडी होती. पोलीस त्याला न्यायला येईपर्यंत तो लहानग्या चिपेगोला खांद्यावर घेऊन होडीतून अलीकडे, झांबियात उतरला होता. इथे येऊन त्याने नाव बदलून सायमन केलं. चोमात पत्र्यांचं दुकान थाटलं. आता चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर बसायचा.

मुटिंटा चोमाच्या पोलिसांकडे गेली. ते म्हणाले, गुन्हा तिकडचा. ह्वांगेला गेली. तिथले पोलीस म्हणाले, माणूस तिकडे. आमच्या हद्दीत पाय टाकू दे, मग बघा.

तेवढंच तिने मनात धरून ठेवलं. चिपेगोच्या निमित्ताने त्याच्या घरी येत-जात राहिली. त्याला भावजी म्हटलं, त्याच्या घरचं गिळलं, आणि वाट बघितली.

ऑक्टोबरात धबधब्याचा झांबियाच्या बाजूचा कडा कोरडा पडतो. पाणी असतं ते पलीकडे. लग्न ऑक्टोबरात कसं काढायला लावावं, याचाच ती विचार करत होती, आणि चिपेगो आपणहून तोच महिना धरून बसली. पासपोर्ट जवळ ठेवा, हेही सगळ्यांना तिनेच बजावलं. पोर नकळत आपलं काम सोपं करतेय, असं वाटून मुटिंटाला रात्रभर झोप आली नव्हती.

धबधब्यापाशी पोचल्यावर व्याही कठड्याशी उभे राहून डोळे फाडून बघत राहिले.

"अहो, हा तर नुसता खडक! पाणी कुठंय?"

"ते काय, तिकडे," चिपेगोने हात केला. दरीपलीकडे पांढरा धूर उठत होता. "पुलावरून चालत गेलं की झिम्बाब्वे. तिथून सगळं दिसतं."

"मग चला की!"

"तुम्ही या जाऊन," सायमन म्हणाला. "माझे गुडघे धरलेत. मी गाडीत बसतो."

"काल मांडवात तर पोरांना मागे टाकून नाचत होतात," व्याह्यांनी टोमणा मारला. "का पलीकडे एखादी बायको ठेवलीय?"

सगळे खो-खो हसले. सायमनच्या कपाळावर घाम आला होता, पण ऊनच तसं होतं. चिपेगोने त्याच्या हातात हात घातला.

"बाबा, उद्या मी सासरी जाणार. एवढं एकच मागतेय."

त्याने तिच्याकडे बघितलं, दाढीवरून हात फिरवला आणि निघाला.

पुलावर वाऱ्याने पाण्याचे तुषार अंगावर येत होते. बाप-लेक पुढे चालले होते. चिपेगो त्याला काहीतरी सांगत होती, हसत होती. मधेच थांबून तिने आपल्या रुमालाने त्याचं कपाळ टिपलं. मागून येणाऱ्या मुटिंटाने ते बघितलं.

आई तर गेलीच होती पोरीची. लग्नाची फुलंसुद्धा सुकली नाहीत तोवर आज बापही काढून घ्यायचा? कोणाच्या हातून, तर जिला ती मोठी आई म्हणते तिच्या? चोलवेला यातलं काय परत मिळणार होतं?

पूल संपला. झिम्बाब्वेच्या चौकीत पंखा गरगरत होता. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने सायमनचा पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं. मुटिंटा अगदी शेजारी उभी होती. वीस वर्षं पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं होतं.

तिने ते गिळलं. चोलवे, माफ कर, ती मनात म्हणाली. तिची छाती कितीतरी दिवसांनी हलकी झाली होती.

अधिकाऱ्याने शिक्का उचलला.

"थांबा, साहेब." चिपेगो खिडकीशी वाकली. बापाचा हात तिने अजून घट्ट धरून ठेवला होता. "ह्यांचं नाव सायमन नाही, झेन्झो म्लोत्शवा. ह्वांगेच्या पोलिसांना फोन लावा. ह्यांनी माझ्या आईला जाळलं, तेव्हा मी जागी होते."