चौथीचा वर्ग

मस्कतहून आलेल्या सुयोगला आणि लंडनहून आलेल्या रितेशला सापगावानं थेट घरी जाऊ दिलं नाही. कोरोनाच्या विलगीकरणाची मुदत संपेपर्यंत दोघांची पथारी शाळेत पडली, त्यांच्याच जुन्या चौथीच्या वर्गात.

भिंतीवर रंगवलेल्या जगाच्या नकाशाखाली लोळत दोघं दिवसभर सरकारांचं माप काढायचे.

"आमच्या मस्कतनं बघ, लगेच सगळा बंद केला."

"बंद करून काय होतं? आमच्याकडं दवाखाना फुकट हाय."

"फुकट हाय, पन नंबर लागतो का रे?"

यावर रितेश नकाशावरच्या इंग्लंडचा उडालेला रंग नखानं खरवडत बसे.

दुपारी नदीकडून वारा आला की दोघांचा डोळा लागे. अर्धवट झोपेत सुयोगला वाटे, गुरुजी हजेरी घेताहेत, आपण 'हजर' म्हटलं की झालं, पुढचं काही कुणी विचारणार नाही. नोकरी दोघांचीही गेली होती. त्या एका गोष्टीवर मात्र कधी वाद झाला नाही.

एके सकाळी गावची आशा सेविका दर्शना दारात आली.

"ताप नाय, खोकला नाय. जा आता घरी. सगळी वाट बघतात, इचारतात, परत तिकडं कदी जायचे."

सुयोगनं गुंडाळायला घेतलेली पथारी पुन्हा पसरली.

"रितेश, तुझ्या त्या दवाखान्याचं काय सांगत होतास?"

शाळा सुटली होती, आणि पहिल्यांदाच कुणी दाराकडं पळालं नाही.