कोरफडीचं पाणी

एकोणीसशे एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात, भुईगावच्या घराच्या खिडकीतली कोरफड सडली.

प्रेमलताने पानाला हात लावला तर पान बुडापासून सुटून हातात आलं. पिवळं, बुळबुळीत. घासलेटच्या कापलेल्या डब्यात ती कोरफड तिच्या सासूने, रखमाबाईंनी, पंधरा वर्षांपूर्वी लावली होती. भाजलं की तिचा गर, खोकला झाला की तिचा रस. पावसाळ्यात डबा पागोळीखालून आत घ्यायचा आणि एरवी तिला विसरून जायचं, एवढीच तिची निगा.

"हे तुमचं काम," प्रेमलता नवऱ्याला म्हणाली. "केळीला पाणी, पानवेलीला पाणी, आता डब्यालाही पाणी!"

एकनाथ वाडीतून नुकताच आला होता. पाय चिखलाने माखलेले. "अगं, मी कशाला घालू?"

"दुसरं कोण घालील? झाड दिसलं की तुमचा हात शिवशिवतो."

त्याने डोकं खाजवलं. "असेल बुवा. चुकून घातलं असेल." आणि तो डॉक्टरांना आणायला वसईला निघाला.

खिडकीला लागूनच रखमाबाईंची खाट होती. दिवाळीआधी त्या विहिरीच्या पायरीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. उशाला टेकून बसता यायचं, पण मोरीपर्यंत न्यायचं तर प्रेमलताला त्यांना काखेत धरून उचलावं लागे. पडून राहून त्यांची लघवी कमी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला तीन तांबे पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडं बंद पडतील. प्रेमलता तीन वेळा तांब्या भरून खाटेजवळ ठेवी. तीन वेळा रिकामा उचली.

सुरुवातीला दिवसातून सात-आठदा उचलावं लागे. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "कितीदा हो, आत्याबाई? माझी कंबर आहे की बाभळीचा खुंट?" त्यानंतर हळूहळू ते कमी झालं. आता दोनदाच. कधी एकदाच. प्रेमलताला पाचवा महिना होता. बरं झालं, असं तिला वाटलं होतं.

शेजारची कॅथरिन हात भाजला म्हणून पान मागायला आली. डबा बघून तिने नाकाला पदर लावला.

"कसली घाण सुटलीय! प्रेमा, ही पाण्याने मेली."

"थोडं जास्त झालं असेल."

"थोडं?" कॅथरिनने डबा तिरका केला. वरच्या मातीतून पाणी वाहिलं आणि ओटीवर पसरलं. "थोड्याने ही मरत नाय, बाय. हिला रोज कुणीतरी तांब्याने पाजलंय."

कॅथरिन गेली. प्रेमलता डबा हातात धरून उभी राहिली. मग तिने खाटेकडे पाहिलं. रखमाबाईंचे ओठ फुटले होते. जीभ कोरडी, पांढरी. पायांवर मात्र सूज. खाटेजवळचा तांब्या रिकामा होता. तो तिने अर्ध्या तासापूर्वीच भरून ठेवला होता.

"आत्याबाई, पाणी कुठे गेलं?"

रखमाबाईंनी डब्याकडे पाहिलं. "मेली होय ती? मला वाटलं, तिला चालेल."

"तुम्ही प्यायचं ते पाणी!"

"प्यायलं की उठवावं लागतं. पहिली दोन पोरं अशीच गेली ना गं तुझी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात? ओझं नको उचलूस. आणि एकनाथला सांगू नकोस. तुझ्यावर रागवेल तो."

प्रेमलताने तांब्या भरून आणला, पण तो त्यांच्या तोंडाला लावायच्या आतच दारात डॉक्टरांचा टांगा थांबला. मागोमाग एकनाथ आत आला. डॉक्टरांनी सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरून येईना.

"लघवी?"

"काल एकदाच," प्रेमलता म्हणाली.

"आणि पाणी? तीन तांबे जात होते ना?"

"जात होते," रखमाबाई घाईने म्हणाल्या. "पोर एक दिवस चुकली नाही."

डॉक्टरांनी प्रेमलताकडे पाहिलं. एकनाथनेही पाहिलं, कौतुकाने. तिचं तोंड उघडलं. कितीदा हो, आत्याबाई, हे तिचेच शब्द तिच्या कानात होते. ते आता एकनाथसमोर सांगावे लागणार होते.

"हो," ती म्हणाली. "तीन तांबे."

"मग पाणी अंगातच अडकतंय. आजपासून पाणी बंद करा. दिवसाला दोन वाट्या, त्याहून थेंबभर जास्त नको. मागितलं तरी देऊ नका."

संध्याकाळी बोलू, असं प्रेमलताने ठरवलं. संध्याकाळी एकनाथ स्वतःच वाटी घेऊन खाटेशी बसला. तिथून तो हलला नाही. आयुष्यात कुठल्याही रोपाचं त्याने पाणी तोडलं नव्हतं. तो डोळे पुशीत आईला मोजून पाणी देत होता, आणि आई आणखी मागत होती.

उद्या बोलू, असं प्रेमलताने ठरवलं.

रखमाबाई तिसऱ्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य नवमीला, दुपारी वारल्या.