सहभागी क्रमांक सात

दारावर टकटक झाली तेव्हाच मुलीला संशय आला. या घरात टकटक करून आत यायची पद्धत नव्हती. आई थेट घुसायची, आणि वर काहीतरी टिपूनही न्यायची.

आज ती उंबऱ्यातच थांबली. हातात चार पानी फॉर्म, चेहऱ्यावर उसनं हसू.

आई मानवशास्त्राची प्राध्यापिका. अठरा वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती: माणसाचं पिल्लू वयात येताना कळपापासून लांब का सरकतं? आधी माकडं झाली, मग डोंगरापलीकडच्या वस्त्या. गुडघे कुरकुरायला लागल्यावर प्रवास थांबला आणि घरचंच पिल्लू हाताशी सापडलं. हा शोधनिबंध छापून आला तर बढती, नाहीतर निवृत्तीपर्यंत आहे तीच खुर्ची. पण विद्यापीठाच्या नीतिसमितीत घोडं पेंड खात होतं. ज्या सात मुलांचं निरीक्षण केलं, त्या सगळ्यांची लेखी संमती हवी होती. सहा सह्या होत्या. सातवी नव्हती. आणि आज शेवटचा दिवस.

"सातवी सही कुणाची?" आईचं सगळं ऐकून मुलीने विचारलं, जणू ठाऊकच नव्हतं.

"नाव कुठेच नाहीये गं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मुलीने आधी निबंध मागून घेतला. सहभागी क्रमांक सात, वय पंधरा. जेवताना मान खाली. 'काही नाही' हे उत्तर दिवसातून सरासरी अकरा वेळा. आरशासमोर चाळीस मिनिटं. वाचता वाचता तिच्या कानांतून धूर निघायचाच काय तो बाकी राहिला. वर्गातल्या चोंबड्या पोरी परवडल्या. त्या निदान तक्ते काढत नाहीत.

"सही कर ना राणी, पाचला ऑफिस बंद होतं."

पण मुलगीही तिचीच. तिने फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, सावकाश, बोट ठेवून. आई घड्याळ बघत राहिली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. संशोधकाने सहभागीच्या शेजारी बसावं आणि त्याच्या प्रश्नांना घाई न करता उत्तरं द्यावीत, असं तिथे लिहिलं होतं. हे कलम काही वर्षांपूर्वी आईनेच समितीशी भांडून घालून घेतलं होतं.

"बस," मुलगी म्हणाली.

आई पलंगाच्या कडेला टेकली.

"चौदा तारखेला मी दार आपटलं, ते आहे यात?"

नसून कसं चालेल? आईने वही काढली. सात वाजून दहा मिनिटांनी दार आपटलं. खिडकीची काच हादरली. दोन तास पाच मिनिटांनी उघडलं, मुलगी पाणी पिऊन परत आत. आईने सगळं वाचून दाखवलं, जरा अभिमानानेच. एक मिनिट सुटलं नव्हतं.

"का आपटलं?"

आईने पान उलटलं. मागचं उलटलं. समासात शोधलं. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

"का आपटलं होतंस?" तिने हळूच विचारलं, आणि सवयीने तिच्या हाताने पेनाचं टोपण काढलं.

मुलीने हात पुढे केला. आईने लगबगीने पेन तिच्या हातात दिलं आणि फॉर्म सहीच्या पानावर उघडून धरला.

मुलीने पेनाला टोपण लावलं, ते उशीखाली सारलं आणि उशीवर कोपर रोवून बसली.

"आता विचार."