दाण्याचा पहिला चमचा

अकरा वर्षांच्या उत्पलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. एक दाणा पोटात गेला तरी ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. आता तिची धाकटी बहीण सहा महिन्यांची झाली, तर डॉक्टर म्हणाले, "हिला दाण्याची पातळ पेस्ट आत्तापासूनच थोडी थोडी द्या. लवकर दिली तर ॲलर्जीची शक्यता कमी होते."

दोघींची आई आम्रपाली गोंधळली. "अहो, पण उत्पलाच्या वेळी तुम्हीच तीन वर्षं देऊ नका म्हणाला होतात!"

"तेव्हा तसंच सांगायचो आम्ही. नंतरच्या संशोधनातून उलटंच दिसून आलं."

घरी तिने पेस्टचा चमचा भरून घेतला, पण हात बाळाच्या तोंडापर्यंत जाईना.

उत्पला लांबूनच म्हणाली, "आई, मी एवढी होते तेव्हा मला का नाही दिलंस?"

"तुला जपत होते गं."