बारीक रेघा

त्या टाइपाचे नखरे छापखान्यातल्या म्हाताऱ्या कंपोझिटरने जन्मभर सोसले होते. अक्षरांचे उभे दांडे पहिलवानासारखे जाड आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा केसाएवढ्या बारीक. लग्नपत्रिकेवर, अत्तराच्या खोक्यावर तो शोभून दिसे. औषधाच्या बाटलीवर मात्र रेघा उडत आणि रोग्याला डोस अंदाजाने घ्यावा लागे.

आज लेकीच्या लग्नाची पत्रिका होती, म्हणून दुखरी पाठ सावरत त्याने तोच टाइप जुळवला.

प्रूफ निघालं. जावयाचं नाव झोकात उठलं होतं. लेकीच्या नावाचे मात्र नुसते दांडे उरले होते, बारीक रेघ एकही नाही. त्याने अक्षरांचे खिळे बदलले, शाई बदलली, शेवटी दोन्ही नावांच्या जागाही बदलल्या. तरी तेच.

"साध्या टाइपात छापा ना, बाबा," दारातून आत येत लेक म्हणाली. "पत्रिका वाचतं कोण? लोक जेवणाची वेळ बघतात."

"एकुलती एक लेक, आणि साधा टाइप? तुझी आई मला ठळक टाइपात ऐकवेल!"

ती हसली. ओलं प्रूफ तिने उचलून उजेडात धरलं. "अगं बाई, शाई लागली," म्हणत खाली ठेवलं.

कंपोझिटरने थकल्या हाताने चष्मा सारखा केला. कागदाच्या एका कडेला त्याची बोटं उमटली होती, सगळ्या रेघांसकट. दुसऱ्या कडेला तिची बोटं उमटली होती, स्वच्छ, काळीभोर. एकाही बोटाला रेघ नव्हती.

"चिंधी कुठंय, बाबा?" तिने मागून विचारलं.

वळून तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना.