भुंग्याचा वाटा

आधी कुत्र्याने खायचं, मगच मेंढक्याने घास घ्यायचा, ही धुळाप्पाच्या घरची रीत होती. त्याने भाकरी मोडून भुंग्यापुढे तुकडा टाकला. भुंग्या दचकला आणि शेपूट पायांत घालून थेट टेकडीवर पळाला.

चावऱ्या कुत्र्यांवरची नवी लस टोचून महिना झाला होता. कुत्री चावायची थांबली, पण माणसालाच विसरली. भुंग्या तर कधी कुणाला चावला नव्हता. गावात सगळ्यांनी आपापल्या कुत्र्यांना टोचून घेतली म्हणून धुळाप्पानेच त्याला मांडीत दाबून धरलं होतं.

"परत माणसाळंल न्हवं?" मेंढरं तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना त्याने विचारलं.

त्यांनी नजर चुकवली. "मामा, माणसाची ओढ त्याच्या रक्तातूनच गेलीय. पहिल्यांदा लांडग्याचा कुत्रा व्हायला हजारो वर्षं लागली होती."

सत्तरीच्या धुळाप्पाने मान डोलवली. मातीतला तुकडा उचलून पुसला, टेकडीच्या पायथ्याशी दगडावर ठेवला आणि लांब जाऊन बसला.

ऊन कललं. तुकडा दगडावर तसाच होता आणि धुळाप्पाची भाकरी त्याच्या हातातच वाळत होती.